मास्तरांच्या हरकती

नगरसेवकाला खुर्चीवरून उतरवायचं असेल तर नुसत्या सह्या गोळा करून भागत नसे. सही करणाऱ्या प्रत्येकाला वॉर्ड ऑफिसच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये स्वतः यावं लागे, पडताळणी अधिकाऱ्यासमोर बसावं लागे, आणि "हो, ही माझीच सही, राजीखुशीने केली, कुणी धाक दाखवला नाही" असं तोंडाने म्हणावं लागे. मतदारांच्या ठरावीक हिश्शाच्या सह्या अशा पक्क्या झाल्या, की खुर्ची रिकामी. आणि ज्याला घालवायचं तो नगरसेवक, त्याची इच्छाच असेल तर, त्याच टेबलाशी बसून हे सगळं कानाने ऐकू शके.

असली इच्छा कुणाला होणार? याआधी ज्यांच्यावर ही वेळ आली, त्यांनी वकील पाठवले होते. एकाने तर वकीलही पाठवला नाही, सरळ बहिणीच्या गावी जाऊन महिनाभर मुक्काम ठोकला.

मास्तर मात्र पहिल्या दिवशी हॉलचं कुलूप निघायच्या आधीच जिन्यात हजर होते.

"साहेब, तुम्ही?" शिपायाच्या हातातून किल्ली पडता पडता राहिली.

"मला बसता येतं ना नियमाने?"

"येतं. पण बसत नाही कुणी."

"मी बसतो," मास्तर म्हणाले आणि आत जाऊन खिडकीकडची खुर्ची पकडली.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांची मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती. एक पांढरी गाडी, तिच्या डोक्यावर लाल अक्षरांची पाटी, आणि डाव्या सीटच्या पायाशी मास्तरांसाठी वेगळा ब्रेक. वॉर्डातली निम्मी माणसं त्यांच्या शेजारी बसून घाम गाळत गाडी शिकली होती. मास्तर कधी ओरडले नाहीत. समोरून ट्रक येत असला तरी ते "हं, आता जरा विचार करू या" इतकंच म्हणत आणि खाली पाय दाबत. इतक्या वर्षांची ती सवय, त्यामुळे सर्वसाधारण सभेत कुणी तावातावाने बोलायला लागलं की मास्तरांचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप जमिनीवर दाबला जाई. बाजूच्या नगरसेविकेने एकदा त्यांना विचारलं होतं, संडासला जायचंय का म्हणून.

असा माणूस निवडून कसा आला, तर बायकोमुळे. तिनेच फॉर्म भरायला लावला, तिनेच घरोघरी जाऊन मतं मागितली, आणि निवडून आल्यावर नगरसेवकपण खरं तर तिनेच केलं. कुणाच्या गल्लीत पाणी तुंबलं, कुणाची पेन्शन अडकली, कुणाच्या भिंतीत शेजाऱ्याच्या झाडाचं मूळ घुसलं, हे सगळं तिच्या तोंडपाठ. लोक घरी आले की ती पुढच्या खोलीत त्यांच्याशी बोले आणि मग आत येऊन मास्तरांना सांगे, "अहो, इथे सही करा आणि उद्या पाणी खात्यात फोन करा. जरा आवाज चढवून बोला." मास्तर सही करत. फोनही करत. आवाज मात्र काही चढत नसे.

मागच्या वर्षी ती गेली. ताप काय आला, आणि पंधरवड्यात घर रिकामं. लोक भेटायला आले, गप्प बसले, उठून गेले. मग काही दिवसांनी तेच लोक कामं घेऊन यायला लागले, आणि मास्तरांच्या लक्षात आलं की आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही. कुणाचं काय अडलंय, कुणाला फोन करायचा, काहीच. समोरचा माणूस बोलत असायचा आणि मास्तर आतल्या दाराकडे बघत बसायचे, आता ती येईल आणि सांगेल सही कुठे करायची ते. एकदा असंच कुणीतरी बेल वाजवली आणि मास्तर उठलेच नाहीत. बेल थांबली. दुसऱ्यांदा ते आणखी सोपं गेलं. पुढे पुढे तर बेल वाजली की ते दिवा मालवून अंधारात बसायला लागले. गाडी शिकवणंही सुटलं. पांढऱ्या गाडीवर धुळीचा थर बसला आणि त्यावर कुणीतरी बोटाने लिहिलं, "मालक हरवले आहेत."

शेवटी लोकांनी हात टेकले आणि अर्ज केला. पुढाकार घेतला तो नर्सबाईंनी. मागच्या गल्लीत राहणाऱ्या, चाळिशीच्या, सरकारी दवाखान्यात कामाला. मास्तरांच्याच हाताखाली गाडी शिकलेल्या.

तर पडताळणीचा पहिला दिवस. अधिकारी बाई दुसऱ्या शहरातून आल्या होत्या. बारीक, करड्या केसांच्या, चहाचा थर्मास स्वतःचा स्वतः घेऊन येणाऱ्या. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मास्तर, आणि मध्ये सही करणाऱ्याची खुर्ची.

पहिला आला बेकरीवाला. मास्तरांना बघून दारातच त्याचा चेहरा उतरला. वळून जाता येत नव्हतं, मागे रांग होती. तो येऊन खुर्चीच्या टोकावर बसला, जणू खुर्ची तापलेली आहे.

"ही सही तुमचीच?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"हो." तो खाली बघत होता. "मास्तर, रागावू नका. तसं तुमच्याबद्दल काही नाही."

"नाही नाही," मास्तर म्हणाले. "खोकला गेला का तुझा? आवाज अजून बसलेलाच आहे."

बेकरीवाल्याने मान वर केली. "पिठाचा आहे तो, मास्तर. डॉक्टर म्हणतात तोंडाला फडकं बांध. फडकं बांधून गिऱ्हाइकाशी बोलू कसा?"

"तुझी बायको कुठे बोलू देते तुला गिऱ्हाइकाशी."

बेकरीवाला हसला. शिपाईही हसला. अधिकारी बाईंनी पेन टेबलावर आपटलं आणि "पुढे" म्हणाल्या.

त्या दिवशी कितीतरी माणसं येऊन गेली. कुणी ताठ बसून, कुणी नजर चुकवून, कुणी दोन शब्द सुनावून. पण प्रत्येक जण मास्तरांच्या समोर बसला, हातभर अंतरावर. प्रत्येकाचा चेहरा, प्रत्येकाचा श्वास. टायपिंग क्लास चालवायच्या त्या बाई आल्या, त्यांनी केस रंगवणं सोडलं होतं. पेंटर आला, त्याच्या मुलीला दूरच्या कॉलेजात जागा मिळाली होती. संध्याकाळी मास्तर घरी गेले, तेव्हा त्यांच्या घशाला कोरड पडली होती. इतकं ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. त्यांनी कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभ्या उभ्या पेंटरच्या मुलीचा विचार केला. ती लहानपणी गाडीच्या हॉर्नला घाबरायची.

आता कुणाला वाटेल, माणसाला काही लाज? लोक याला हाकलायला येतायत आणि हा खुशालचेंडू त्यांची ख्यालीखुशाली विचारतोय. पण जेवताना टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला "काय म्हणता?" असं ज्याने विचारलेलं आहे, त्याला यातलं बरोबर कळेल.

तिसऱ्या दिवशी घड्याळजी आले. चौकातल्या जिन्याखाली त्यांचं घड्याळदुरुस्तीचं टपरीएवढं दुकान. मास्तरांच्याच वयाचे, कानाने थोडे कमी, बोलायला मात्र भारी. त्यांनी सही आपलीच असल्याचं सांगून टाकलं आणि मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "मुलीकडे जाऊन आलो. विमानाने. तुम्हाला सांगतो मास्तर, वर गेल्यावर माझ्या हातातलं घड्याळ..."

"आजोबा, पुढचे थांबलेत," अधिकारी बाई म्हणाल्या.

"हो, हो. तर घड्याळ..."

"झालं तुमचं. या आता."

घड्याळजी उठले. अर्धवट उघडलेलं तोंड तसंच. मास्तरांना एकदम वाटलं, हा माणूस आता त्या दारातून बाहेर जाईल आणि घड्याळाचं काय झालं ते आपल्याला कधीच कळणार नाही.

"हरकत," मास्तर म्हणाले.

अधिकारी बाईंनी चष्मा वर केला. "काय म्हणालात?"

"हरकत आहे माझी. सहीवर."

नियम असा होता, की नगरसेवकाने हरकत घेतली तर त्या माणसाने दुसऱ्या दिवशी ओळखीचा पुरावा घेऊन परत यायचं, आणि मग दोघांना समोरासमोर बसवून सुनावणी व्हायची. सुनावणीला रांग नाही, घाई नाही. दोन्ही बाजूंचं पूर्ण ऐकून घ्यायचं.

"उद्या सकाळी या," अधिकारी बाई घड्याळजींना म्हणाल्या. मास्तरांकडे त्यांनी जे बघितलं, त्याने दूध नासलं असतं.

घड्याळजी दुसऱ्या दिवशी पुराव्यांची पिशवीच घेऊन आले आणि सुनावणी चांगली अर्धा तास रंगली. विमानात घड्याळाचं काय झालं, मुलीच्या घरात नळाला गरमच पाणी कसं येतं, जावई बोलतो त्यातलं निम्मं कसं ऐकू येत नाही आणि ते किती बरं आहे, सगळं झालं. शेवटी अधिकारी बाईंनी विचारलं, "हरकतीचं काय?" तेव्हा मास्तर दचकून म्हणाले, "ती मागे घेतो."

त्यानंतर मास्तरांना चटकच लागली. टायपिंगच्या बाईंशी नीट बोलणं राहिलंच की, म्हणून उरलेल्या रांगेत त्यांची धाकटी बहीण आली तेव्हा तिच्यावर हरकत. पेंटरच्या भावावर हरकत. दळण दळणाऱ्या जावा जोडीने आल्या, दोघींवर हरकत. गंमत अशी, की ज्यांच्याशी मास्तरांचं कधी पटलं नाही त्यांच्या सह्या एका फटक्यात पास होत होत्या. कोपऱ्यावरच्या तिरसट इस्टेट एजंटने टेबलावर हात आपटून "हो, माझीच सही, आणि पुन्हा करीन" असं सुनावलं, तर मास्तर म्हणाले, "बरोबर आहे, माझी काही हरकत नाही." आवडीच्या माणसांच्या मागे मात्र हेलपाटे लागले.

एका संध्याकाळी मेहुणा घरी आला. बायकोचा धाकटा भाऊ, रस्त्यांची कंत्राटं घेणारा. बहिणीच्या दिवसांनंतर त्याने हे घर पाहिलं नव्हतं.

"भावोजी, मानलं तुम्हाला." त्याने मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "मला वाटलं होतं तुम्ही शेळपटासारखे गप्प बसाल. पण काय घोळात घेतलंय सगळ्यांना. अशाच हरकती घेत राहा. निम्मे लोक कंटाळून दुसऱ्यांदा यायचेच नाहीत. मुदत संपली की अर्ज बाद आणि तुम्ही खुर्चीवर कायम."

"येत नाहीत?" मास्तरांनी विचारलं.

"कोण कशाला येतंय? कामधंदे आहेत लोकांना."

मास्तरांना हे सुचलंच नव्हतं. ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. "चहा गार झाला तुझा," एवढंच म्हणाले. मेहुण्याने तो एका घोटात संपवला आणि गाडीची किल्ली फिरवत निघून गेला. बहिणीच्या फोटोकडे त्याने पाहिलं नाही, की पाहिलं, मास्तरांना नीट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. उजव्या हाताला प्लास्टर, गळ्यात अडकवलेली पट्टी. ड्युटीवरून तशाच आलेल्या, पायांत पांढरे बूट. अर्जावर पहिली सही त्यांची, पण रजा मिळाली नाही म्हणून पडताळणीला यायला उशीर झाला होता. सही डाव्या हाताने केलेली, अक्षरं कोंबडीने पाय ओढल्यासारखी.

"माझीच," त्या म्हणाल्या. मास्तरांकडे वळूनही पाहिलं नाही. "लवकर उरका, मला परत वॉर्डात जायचंय."

मास्तर त्यांच्याकडे बघत होते. या बाई शिकायला यायच्या तेव्हा बायको गॅलरीतून ओरडायची, "अगं, आधी चहा घे, मग ठोक कुणाला ठोकायचं ते." आणि या खळखळून हसायच्या. धड्यानंतर दोघी मागच्या पायरीवर तासन्‌तास बसायच्या. मास्तर आत पेपर वाचत, त्यांचं बोलणं कानावर पडत असे. शब्द नाही, नुसता आवाज. ते घर तेव्हा तसं असायचं.

"हरकत," मास्तर म्हणाले.

नर्सबाईंनी आता पाहिलं. "कशावर?"

काहीतरी कारण द्यायला हवं होतं. मास्तरांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं आणि दिसलं ते बोलून गेले. "सही... वाकडी आहे."

हॉलमध्ये कुणीतरी "शी" म्हणालं. नर्सबाई उठल्या, एका हाताने पर्स सावरली आणि निघून गेल्या.

त्या रात्री मास्तरांना जेवण गेलं नाही. पण सकाळी लवकर जाग आली, आणि दाढी करताना आरशातला माणूस खुशीत होता, हेही खरं. त्या येणार होत्या. अर्धा तास तरी.

त्या आल्या. पिशवीभर पुरावे त्यांनी टेबलावर उपडे केले, डाव्या हातानेच. रांग नव्हती. हॉलमध्ये अधिकारी बाई, मास्तर, शिपाई आणि त्या.

"बसा ना," मास्तर म्हणाले. "हात कसा मोडला?"

नर्सबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की शिपायानेच मान खाली घातली.

"मागच्या गल्लीतला दिवा बंद आहे, मास्तर. कधीपासून, ते सांगत बसत नाही. रात्रपाळी करून येताना झाकण नसलेल्या गटारात पाय गेला. त्या दिव्यासाठी तुमच्या दारात मी किती वेळा उभी राहिले. आत तुम्ही होता. मला माहीत होतं तुम्ही आहात. दिवा मालवल्याचा आवाज येतो बाहेर, बटणाचा."

मास्तरांचा पाय टेबलाखाली जमिनीवर दाबला गेला.

"आणि आता म्हणता सही वाकडी. अर्धी रजा कालची, अर्धी आजची. माझ्या जागी जी उभी आहे ती सलग दुसरी पाळी करतेय. दळणवाल्या दोघींनी गिरणी बंद ठेवली. टायपिंगच्या बाईंच्या बहिणीला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, तिला दोघांनी धरून आणलं. एवढी प्यारी आहे का ती खुर्ची?"

"खुर्ची नाही," मास्तर म्हणाले.

"मग काय?"

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजत वर आल्या आणि पुढे गेल्या.

"तुम्ही परत याल म्हणून," मास्तर म्हणाले.

"म्हणजे?"

"हरकत घेतली की परत यावं लागतं. बसावं लागतं. म्हणून घेतली. सगळ्यांवर तशीच घेतली." ते थांबले. "घरी कुणी येत नाही हल्ली."

हे बोलल्यावर त्यांना वाटलं, आता काहीतरी होईल. हसू येईल कुणाला, किंवा कुणीतरी हात पुढे करेल. तसं काही झालं नाही. नर्सबाई बसल्या मात्र. दमल्यासारख्या, खुर्चीत मागे टेकून.

"येत नाही म्हणे," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज आता चढलेला नव्हता. "आले होते की सगळे. तुम्ही घेतलंत का आत?" त्यांनी प्लास्टरमधली बोटं हलवून पाहिली. "मीसुद्धा नुसती दिव्यासाठी येत नव्हते, मास्तर. ताई गेल्यावर त्या घरातल्या कुणाशी तरी मला बोलायचं होतं. माझंही कोण आहे इथे?"

मास्तरांनी टेबलावर पसरलेले पुरावे एकावर एक नीट लावले.

"आणि एक सांगू? शिपाई सांगत होता, तुम्ही प्रत्येकाची चौकशी केलीत. खोकला, गुडघा, मुली, जावई. एवढे दिवस बसलात. दिव्याचं एकदा तरी विचारलंत कुणाला? गटाराचं? ते सांगायलाच तर आले होते सगळे."

खरंच विचारलं नव्हतं. पेंटरचा भाऊ काहीतरी पाण्याच्या दाबाबद्दल बोलायला लागला होता, ते मास्तरांना आता आठवलं. त्यांनीच त्याचा विषय पुतणीच्या कॉलेजकडे वळवला होता, अगदी अलगद, शिकाऊ माणसाच्या हातातलं स्टिअरिंग वळवावं तसा.

"बाई," मास्तर अधिकारी बाईंना म्हणाले, "हरकती मागे घ्यायच्या आहेत."

"यांची?"

"सगळ्या."

"सगळ्या मागे घेतल्यात तर सह्या पुऱ्या होतात. आजच. तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे."

अधिकारी बाईंनी लिहायला घेतलं. बराच वेळ नुसता पेनाचा आवाज. मग त्यांनी कागद फिरवून मास्तरांपुढे सरकवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. मास्तरांनी त्या बोटाकडे पाहिलं, क्षणभर जास्तच, आणि सही केली.

नर्सबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, थांबल्या. गळ्यातली पट्टी सारखी केली आणि गेल्या. खाली रस्त्यावर चार-सहा जण वाट बघत होते, त्यांचा एकदम गलका वर आला. मग हसणं. मग सगळे मिळून समोरच्या हॉटेलात चहाला गेले असावेत, कारण आवाज रस्ता ओलांडून लांब झाला.

"एक घोळ झाला," शिपाई कान खाजवत म्हणाला. "सुनावण्या लांबल्या म्हणून बाकीच्यांना उद्या सकाळी बोलावलंय. ते बिचारे उगाच येतील."

"फोन करा सगळ्यांना," अधिकारी बाई थर्मासचं झाकण लावत म्हणाल्या.

"करतो."

"नको," मास्तर म्हणाले. "मी सांगतो जाऊन."

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. "घरोघरी?" शिपायाने विचारलं.

"माझ्यामुळेच झालंय ना."

तर मंडळी, संध्याकाळी मास्तर निघाले, ज्यांना परत परत बोलवायची त्यांनी एवढी खटपट केली, त्यांना "येऊ नका" सांगायला. गाडी काढली नाही, चालतच. दळणवाल्या जावा ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. मास्तरांना बघून दोघींचे हात थांबले.

"उद्या यायची गरज नाही," मास्तर म्हणाले. "हरकत मागे घेतली."

"बरं झालं," मोठी म्हणाली. "उद्या दळणाची गर्दी असते."

"हो. तेच." मास्तर घुटमळले. "गिरणीसमोरच्या गटाराला झाकण आहे का?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "आता विचारताय?" धाकटी म्हणाली. मोठीने तिला कोपराने ढोसलं. "आहे हो," ती म्हणाली. "आम्हीच फळी टाकलीय."

पेंटरचा भाऊ घरात नव्हता, त्याच्या आईने निरोप घेतला आणि कडी लावली. टायपिंगच्या बाई दारात आल्या त्या चष्मा शोधत. बहीण आत पाय शेकत बसली होती, तिथूनच तिने विचारलं, "कोण गं?"

"मास्तर आहेत."

"आता काय हरकत आहे त्यांची?"

"काही नाही," मास्तर दारातूनच म्हणाले. "तुम्हाला जिना चढायला लागला त्याबद्दल... उद्या येऊ नका, एवढंच सांगायला आलो."

"फोन केला असता तरी चाललं असतं," टायपिंगच्या बाई म्हणाल्या. रागाने नाही, साधंच.

"हो," मास्तर म्हणाले. "चाललं असतं."

मागच्या गल्लीतून जाताना त्यांना भिंतीला हात लावत जावं लागलं. खांब होता, वर दिव्याची बरणी होती, आणि खाली काळोख. त्यांनी खांबाला हात लावला. थंडगार लोखंड. उद्यापासून इथला नगरसेवक कुणीच नव्हता. नर्सबाईंच्या घराला कुलूप होतं, त्या ड्युटीवर गेल्या असणार, भरपाई करायला. मास्तर तिथे थांबले नाहीत.

सगळ्यात शेवटी चौक. घड्याळजींवर त्यांनी काल पुन्हा एकदा हरकत घेतली होती, पत्त्यावरून. घड्याळजी निव्वळ ओळखपत्र हॉलमध्ये विसरलं म्हणून ते न्यायला आले होते, आणि सापडले. आता ते दुकान आवरत होते. डोळ्याला भिंग तसंच लावलेलं.

"उद्या यायचं नाही," मास्तरांनी जरा मोठ्याने सांगितलं.

"किती वाजता?"

"यायचं नाही. संपलं सगळं. मी आता नगरसेवक नाही."

घड्याळजींनी भिंग काढलं. "मग परवा?"

"परवाही नाही."

"अस्सं." मग त्यांनी दुकानाच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'उद्या सकाळी दुकान उशिरा उघडेल. कामानिमित्त बाहेर.' अक्षरांखाली रेघही मारलेली, पट्टी लावून.

"सकाळ मोकळी ठेवली होती मी," घड्याळजी म्हणाले.

"काढा मग ती पाटी."

"राहू दे आता. लावलीय तर लावलीय."

ते वाकून आपली हत्यारं डब्यात भरायला लागले. एकेक चिमटा पुसून, जागच्या जागी. मास्तर समोर उभे होते. दुकानात दुसरं स्टूल नव्हतं, दुकान गिऱ्हाइकाला बसू देण्याइतकं मोठंही नव्हतं. जावं की थांबावं ते त्यांना कळेना. घड्याळजींनीही सांगितलं नाही. चौकातून माणसं घरी चालली होती. मास्तर फळीला टेकून उभे राहिले, घड्याळजींचा डबा भरून होईपर्यंत.